बाईचा पट्टा

पाण्याचा तांब्या पुढे केला की ती आधी दोन्ही तळहात ओंजळीसारखे खोलगट करायची, हळूच दोनदा टाळी वाजवायची, गुडघ्यात किंचित वाकायची आणि मगच तांब्या हातात घ्यायची. शामराव आबांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, बाईनं डास मारला.

"मेला का?" त्यांनी विचारलं.

तिला मराठीचा गंधही नव्हता. ती हसली आणि घटाघटा पाणी प्यायली. तिच्या देशात काहीही घेताना आधी अशी टाळी वाजवायची असते, देणाऱ्याचा मान म्हणून, हे आम्हाला कळायला आठ दिवस लागले. तोवर आबांच्या घरात डासांची अगरबत्ती दोन वेळा लावून झाली होती.

मी कृषी सहायक. मुक्काम धाड, ताब्यात सात गावं, एक मोटारसायकल आणि अहवालांचा न संपणारा ढीग. अशात एक दिवस साहेबांचा फोन आला. परदेशी विद्यार्थिनी आहे, विद्यापीठात पीएच.डी. करते, तुरीवर काम आहे, शेतकऱ्यांच्या वावरात प्रयोग करायचे आहेत, तेव्हा सांभाळून घ्या. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पेरणीचे दिवस तोंडावर, बियाण्याच्या तक्रारी, पंचनामे, आणि वर ही पाहुणी! आठ दिवसांत उन्हाला कंटाळून परत जाईल, असं मी बायकोला पैजेवर सांगितलं. मी माणसांबद्दल इतक्या खात्रीनं बोलतो आणि इतक्या वेळा तोंडावर आपटतो, की बायकोनं आता पैज लावणंच सोडलंय.

ती बुलढाण्याहून येणाऱ्या एसटीतून ऐन बाजारच्या दिवशी उतरली. पाठीवर पिशवी, हातात वजनकाटा, काखेत लाकडी खुंट्यांचा भारा. बाजारातल्या झाडून सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. एका भाजीवालीनं मला विचारलं, "साहेब, कुठची हाय ही?"

"मलावीची."

"मालेगावची? मंग मराठी काऊन नाही येत तिले?"

मी आफ्रिका, समुद्र, विमान असं सगळं सांगितलं. भाजीवालीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारणीला म्हणाली, "मालेगावच्या पलीकडं हाय म्हन्ते."

तिचं काम तसं साधं होतं. तूर दीड-एक महिन्याची झाली की तिचे शेंडे खुडायचे, म्हणजे झाड उंच न जाता फांद्या जास्त फुटतात. आपल्याकडे हे काही जण करतात, बरेच जण करत नाहीत. तिला पाहायचं होतं की एकदा खुडलं तर काय होतं, दोनदा खुडलं तर काय होतं, आणि मुळीच नाही खुडलं तर काय. नऊ शेतकरी, प्रत्येकाच्या वावरात तीन पट्टे. बियाणं सगळ्यांना एकच, लाल तुरीचं. पहिला पट्टा न खुडलेला, दुसरा एकदा खुडलेला, तिसरा दोनदा. जानेवारीत तीन पट्ट्यांची तूर वेगवेगळी मोजायची. बस्स, एवढंच.

आता इथेच माझी करामत आली. मारुतीच्या पारावर नऊही जणांना बोलावलं. ती इंग्रजीतून सांगत होती आणि मी मराठी करत होतो. 'ट्रायल' शब्द आला आणि मी अडलो. प्रयोग म्हणावं तर लोकांना नाटकाचा प्रयोग आठवतो, प्रात्यक्षिक म्हणावं तर लोक सरकारी बिस्किटपुड्यांची वाट पाहत बसतात. मग मी आपली अक्कल चालवली आणि म्हणालो, "ही या बाईची परीक्षा आहे. तुमच्या वावरात ती पास होते का नापास, ते संक्रांतीला कळंल."

सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. किती सोप्या शब्दांत समजावलं!

नवांपैकीच एक असलेल्या आबांच्या घरी माडीवर एक खोली रिकामी होती, तिथे ती राहू लागली. आबांची बायको कौशल्याकाकू बोलायला फटकळ, पण पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या हातातला वजनकाटा हिसकावून घेतला आणि ताटावर बसवलं. ज्वारीची भाकर पाहून ती खुलली. तिच्या देशात मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करतात, तो हातानं तोडून भाजीशी खातात. "भाकर चपटी काऊन?" हा तिचा मराठीतला पहिला प्रश्न. त्यानंतर तिनं आम्हाला 'काऊन' या एका शब्दानं हैराण केलं. दाराला लिंबू-मिरची काऊन? नवऱ्याचं नाव घेत नाही काऊन? लहान पोरीला 'माय' म्हणता काऊन? खरं सांगतो, अर्ध्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं आमच्याकडे नव्हती. आम्ही आयुष्यभर विचारलंच नव्हतं.

तूर मात्र तिला आमच्याहून जास्त कळायची. तिच्या गावात घराघरांच्या मागे तूर असते, आणि ते लोक ती अख्खीच शिजवून खातात. आपण तुरीची डाळ करतो हे तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जात्याजवळ बसून राहिली. "चांगल्या दाण्याचे दोन तुकडे काऊन करता?" मग म्हणाली, "आमच्या गावची तूर पोत्यात भरून भारतात येते. मले लहानपणी वाटे, भारतातल्या लोकायले काय भूक आहे, बाई!"

"हाव ना," काकू म्हणाल्या. "लय भूक आहे. तू खाय आधी."

शेंडे खुडायची वेळ आली तेव्हा गावात थोडी खळबळ झाली. वाढत्या झाडाचं डोकं मोडायचं म्हणजे काय! ती दोन बोटांनी टकाटक शेंडे खुडत ओळीतून चालली होती आणि मागून आबा कळवळत होते.

"पोरी, जिवंत झाडाचं डोकं काऊन मोडते?"

"एक मोडलं तं चार येतात, आबा."

बांधावरून काकू ओरडल्या, "मंग आमच्या बुढ्याचं मोडून पाह्य! एखादं तरी कामाचं येईन!"

पहिली खुडणी, आबांच्या वावरात तिनं दाखवली तशी, शेतकऱ्यांनी केली, पण दुसरी खुडणी करायला ती स्वतः नऊही वावरांत गेली. त्यामुळे तिसऱ्या पट्ट्याला लोक 'बाईचा पट्टा' म्हणू लागले. मी ते ऐकत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट कौतुकच वाटलं. एवढा मोठा कृषी सहायक, पण डोक्यात प्रकाश पडला नाही तो नाहीच.

पोळ्याच्या दिवशीची गोष्ट सांगतो. आबांची बैलजोडी धुऊन, शिंगं रंगवून, झूल घालून दारात उभी होती. काकूंनी बैलांना ओवाळलं आणि पुरणपोळी चारली. ही उंबऱ्यात बसून पाहत होती. सकाळपासून उपाशी.

"बैल पहिले जेवते, मंग मी?"

"तो वर्षभर राबते, माय," आबा म्हणाले.

"म्या बी राबली!"

सगळे हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तेच ताट उचललं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, बैलांसारखंच तिलाही ओवाळलं आणि पोळीचा घास तिच्या तोंडात घातला. "खरं हाय तिचं," म्हणाल्या, "राबली हाय पोरगी." मग तोंडात घास असतानाच तिनं ती टाळी वाजवली.

भाषा ती गावातल्या पोट्ट्यांकडूनही शिकत होती, आणि त्याचा बोभाटा व्हायचाच होता. तिचे मार्गदर्शक प्राध्यापक पीक पाहायला आले. मूळचे पुण्याकडचे, अतिशय सभ्य गृहस्थ, बोलणं कसं इस्त्री केलेलं. ती माडीवरून धावत खाली आली आणि उमाळ्यानं म्हणाली, "काय बे सर, चहा घेऊन राह्यले का?"

आबांनी डोळे मिटले. मी पायातल्या चपलेचा अंगठा तपासू लागलो. प्राध्यापक सावकाश माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हे आपण शिकवलंत का?" मी म्हणालो, "नाही सर, हे तिनं स्वतःच्या हिमतीवर केलंय." ते एकदम खो खो हसले. जाताना तिलाच म्हणाले, "येतो बे." पण त्यांच्या तोंडी ते शोभलं नाही.

तिची एक मुलगी होती, सहा वर्षांची, आजीजवळ मलावीत. रविवारी फोनवर दोघी एकमेकींना पाहायच्या. ही लेकीला सांगायची की इथली तूर कापली, मोजली, की मी आलेच. काकूही फोनमध्ये डोकावायच्या. कोणाला कोणाची भाषा कळत नव्हती, तरी काकू त्या पोरीला रागवायच्या, "केस काऊन नाही विंचरले वं?" आणि ती पोरगी तिकडून केस चाचपायची. शिष्यवृत्ती त्या उन्हाळ्यापर्यंतच होती. एकच हंगाम तिच्या हातात होता. नऊ वावरांतल्या सत्तावीस पट्ट्यांवर तिची डिग्री होती आणि डिग्रीनंतर लेक होती.

तूर जोरात आली. मार्गशीर्षात तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची आमटी घराघरांत झाली, आणि संक्रांतीच्या तोंडावर कापणी झाली. प्रत्येक पट्ट्याची तूर वेगळी बडवून, पाखडून, वेगळ्या पोत्यात भरली. पोत्याच्या तोंडाला चिठ्ठी. मोजणी आबांच्या खळ्यावर ठरली. नऊही जण सकाळीच हजर, आंघोळ करून, टोप्या घालून. मला वाटलं, संक्रांत जवळ आहे म्हणून.

ती वजन घेत होती आणि मी वहीत उतरवत होतो. पहिला पट्टा ठीक, दुसरा त्याहून बरा, आणि तिसरा प्रत्येकाचाच भरभरून. मी तर खूश. म्हणालो, "बाई, जिंकलात तुम्ही!" तिच्या कपाळावर आठी होती. तिनं आबांच्या तिसऱ्या पोत्यात खोलवर हात घातला आणि मूठभर तूर काढून तळहातावर पसरली. लाल दाण्यांमध्ये पांढरे दाणे होते. चार-दोन नाही, चांगले पाव हिस्सा.

"आबा," ती म्हणाली, "म्या लाल पेरली होती. हे पांढरं कोनाचं लेकरू?"

आबा लाजले. खरंच लाजले. मग छाती काढून म्हणाले, "घरची टाकली, पोरी. दोन पायल्या. तुहा पट्टा कमी नाही पडू दिला म्या."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? तुही परीक्षा हाय ना? आपल्या वावरात आपली पोरगी नापास होईन का?"

हे ऐकून दुसरा म्हणाला, "म्या बी टाकली थोडी." तिसरा म्हणाला, "माही तं लाल होती, म्हनून समजली नाही." एकेक करत नऊही जणांनी अभिमानानं कबुली दिली. कोणी पायलीभर, कोणी दोन. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. नऊ घरांत नऊ जणांनी आपापल्या मनानं, आपापल्या कणगीतून काढून तिच्या पोत्यात तूर ओतली होती.

माझ्या हातातली वही तशीच राहिली. पारावरचं माझं ते वाक्य मला शब्द न् शब्द आठवलं. परीक्षा तुरीची होती, तिची नव्हतीच. कमी आलं असतं तरी चाललं असतं, जास्त आलं असतं तरी चाललं असतं, फक्त खरं यायला हवं होतं. आणि मी गाढवानं लोकांना सांगून ठेवलं होतं की पोरगी नापासही होऊ शकते.

ती चिडली. त्याआधी मी तिला चिडलेलं पाहिलं नव्हतं. तळहातावरचे दाणे तिनं पोत्यात परत फेकले, तिच्या भाषेत काहीतरी जोरात बोलली, मग आमच्या भाषेत म्हणाली, "सगळं खराब झालं! सगळं!" आणि खळ्यातून निघून गेली. नऊ माणसं टोप्या हातात घेऊन उभी. आबांनी मला विचारलं, "साहेब, कमी टाकली का आमी?"

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. माझी चूक होती, हेही सांगितलं.

ती विहिरीच्या कठड्यावर बसली होती. मी जाऊन माफी मागितली. मग, आता लपवून काय करायचं, मी तिला एक सल्लाही दिला. म्हणालो, पायलीचा हिशेब सगळ्यांना पाठ आहे, तेवढं वजा करू, आकडे जुळवू, प्रबंध पुरा करा आणि लेकीकडे जा. कोणाला कळणार आहे?

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या बावीस वर्षांच्या अहवालांची लाज वाटली. "सर," ती म्हणाली, "हा आकडा माह्या देशातल्या बाया पाह्यतीन. त्यायच्याकडं दोन-चार ओळीच तूर आहे. माह्या सांगण्यावरून त्या डोकं मोडतीन झाडाचं. चुकलं तं त्यायनं काय खावं?"

तिनं डोळे पुसले, उठली आणि परत खळ्यात आली. नऊही जण अजून तिथेच होते. ती आबांसमोर उभी राहिली.

"आबा, पुढच्या वर्षी पुन्हा पेरीन. वावर देसान का?"

आबांनी नुसते हात जोडले. तिनं ते हात खाली केले आणि म्हणाली, "पण पोत्यात काही टाकसान तं मी खरंच नापास. समजलं का बे?"

या वेळी 'बे' कोणालाच खटकला नाही.

प्राध्यापकांनी खूप खटपट करून मुदत वाढवून आणली. पण त्या रविवारी लेकीला सांगायचं होतं, आणि ते कोणालाच टाळता येणारं नव्हतं. ती सांगत होती तशी तिकडे फोनमधलं ते छोटं तोंड वाकडं होत गेलं. काकू शेजारी बसल्या होत्या. त्यांनी फोन आपल्याकडे ओढला. "आमचं चुकलं, माय," म्हणाल्या, "तुही माय आमी एक वरीस ठेवून घेतली. तू आमाले शिव्या दे." त्या पोरीला एक अक्षर कळलं नसेल, पण एक म्हातारी रडते आहे हे दिसलं असावं. ती स्वतःचं रडणं थांबवून काकूंकडे पाहत राहिली. मी अंगणात मोटारसायकल पुसत होतो. ती आधीच स्वच्छ होती.

दुसऱ्या वर्षी मी पारावर बोललोच नाही. तीच बोलली, अख्खा अर्धा तास, वऱ्हाडीत. म्हणाली, परीक्षा शेंड्याची आहे. शेंडा नापास झाला तरी मला आनंद आहे, पास झाला तरी आनंद आहे. एकानं विचारलं, "मंग तुमी कशात पास होता?" ती म्हणाली, "तुमी खरं सांगता, त्याच्यात."

त्या वर्षी पाऊस रुसला. तूर बेताची आली. मोजणीच्या दिवशी कोणी टोपी-बिपी घालून आलं नाही. एकदा खुडलेला पट्टा बहुतेकांच्या वावरात चांगला निघाला, दोनदा खुडलेल्यात फारसा फरक नव्हता, आणि आबांच्या हलक्या रानात तर बाईचा पट्टा सगळ्यांत कमी भरला. काट्यावरचा आकडा आबांनी स्वतः वाचला. खळ्यात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यांनी तो सांगितला आणि माझ्यावर खेकसले, "लिहा, साहेब! कमी हाय तं कमी लिहा!"

ती पुढे झाली आणि त्यांच्या पाया पडली. आमच्यासारखी.

ती परत गेली त्याला आता दोन वर्षं झाली. डिग्री मिळाली, लेक भेटली, आणि ती तिच्याच जिल्ह्यात शेतकरी बायांमध्ये तुरीचं काम करते. मी अजून धाडलाच आहे. पण 'परीक्षा' हा एक शब्द माझ्या मनातून गेला नव्हता. कुठेही नवी योजना सांगायला उभा राहिलो की जीभ अडखळायची. माझ्या शब्दापायी एका लेकराला वर्षभर आई मिळाली नाही, हे काही विसरण्यासारखं आहे का? कोणाला बोललो नव्हतो, बायकोलासुद्धा नाही.

परवा तिचा निरोप आला, फोनवर बोलून पाठवलेला. वऱ्हाडी अजून तशीच आहे, थोडी गंजलेली.

"सर, एक गंमत सांगतो. अठी माह्या देशात बी म्या तीन पट्टे केले. मोजाले गेली तं माह्या पट्ट्याचं पोतं जड! शेजारच्या म्हातारीनं आपल्या घरची तूर टाकली. मंग बाकीच्यायनं बी सांगितलं, आमी बी टाकली. म्या हसली, मंग रडली. आनि सर, ऐका. म्या त्यायले परीक्षा म्हटलंच नव्हतं. चाचनी बी नाही, काहीच नाही. तरी टाकली. म्हंजे तुमचा शब्द चुकला नव्हता, सर. मी कोनाची तरी पोरगी आहे, म्हनून टाकली."

मी तो निरोप रस्त्यात मोटारसायकल थांबवून तीनदा ऐकला. मग मी तसाच आबांकडे गेलो.

आबा आता फारसे वावरात जात नाहीत. त्यांनी फोन कानाला लावून ऐकलं, काकूंना ऐकवलं, पुन्हा स्वतः ऐकलं.

"मंग?" त्यांनी विचारलं. "औंदाचे सगळे आकडे टाकून दिले का तिनं?"

"दिलेच असतील. आपल्याकडचे दिले तसे."

मग आबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "साहेब, तिथल्या लोकायले निरोप धाडा. म्हना, पोरगी पासच हाय. आमी पाह्यली हाय. पोत्यात काही टाकू नका."

मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणालो, "तुम्हीच सांगा."